नॉर्मनची पाच मिनिटं

नॉर्मन एंट्विसलला क्रॅगशॉ गावात नॉर्मन म्हणून कुणी फारसं ओळखत नसे. त्याला सगळे 'पंच्याऐंशी' म्हणत. वयावरून नव्हे, वय त्याचं बहात्तर. फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा, आणि पंच्याऐंशीवं मिनिट लागलं की हा गृहस्थ टोपी डोक्यावर दाबून उठायचा आणि घरी चालू पडायचा. आपला संघ जिंकत असो, हरत असो, गोल अगदी तोंडाशी आलेला असो, याला सोयरसुतक नाही. टेंटरफील्डच्या मैदानावर त्याने उभ्या आयुष्यात क्वचितच एखादा सामना चुकवला असेल. पण लग्न होऊन पोर झाल्यापासून पूर्ण असा एकही पाहिला नव्हता.

का उठतोस म्हणून विचारलं तर म्हणायचा, गर्दी टाळायला. आता गर्दी टाळायला उठणारे लोक असतात, नाही असं नाही. कुणाची मोटार अडकते, कुणाची बस चुकते. पण नॉर्मनने जन्मात मोटार घेतली नाही, आणि त्याचं घर त्याच टेकडीच्या पायथ्याशी, शटल स्ट्रीटवर. मैदानातून निघून उतार उतरला की घर. एवढ्याशा वाटेवर कसली डोंबलाची गर्दी टाळायची, हे त्याच्या मुलीला चाळिशी जवळ आली तरी कळलेलं नव्हतं.

मुलीचं नाव बेव्हरली. एकुलती एक. दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना शिस्त लावायचं काम करायची, आणि ती शिस्त सगळ्या गावाला लागली तरी बापाला लागली नाही ही तिची कायमची ठसठस होती. लहानपणी तो तिला सामन्याला न्यायचा. म्हणजे न्यायचा आणि ओढून परत आणायचा. कपाच्या सामन्यात क्रॅगशॉने शेवटच्या मिनिटाला एका बड्या शहरी संघाला घरी पाठवलं, त्या गोलबद्दल गावातल्या दारूच्या गुत्त्यांत आजही लोक भांडतात. तो गोल झाला तेव्हा बेव्ह मैदानामागच्या बोळात होती. मागून एवढी मोठी गर्जना उठली की भिंतीवरची कबुतरं उडाली. ती हात सोडवून परत पळायला लागली, तर नॉर्मनने तिचं मनगट घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने तिचं तोंडच झाकलं. "बोलू नकोस," म्हणाला. बापाने आपल्या पोरीला आनंदाने ओरडूही देऊ नये, याला काय म्हणायचं?

असं वर्षानुवर्षं चाललं. चौदाव्या वर्षी बेव्हने मैदानाच्या फाटकाशी पाय आपटून सांगितलं की अर्धवट जेवायला बसण्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं, आणि त्यानंतर ती टेंटरफील्डला गेली नाही ती नाहीच.

नॉर्मनशी भांडायची आणखी एक पंचाईत होती. तो ठार बहिरा होता. गावच्या कापडगिरणीत साचे, म्हणजे कापड विणणारे माग, दुरुस्त करणारा फिटर म्हणून तो पोरवयात लागला, आणि साचेखात्याच्या खडखडाटात त्याचे कान तिशीतच गेले. त्याचं त्याला काही वाटायचं नाही, कारण साचेखात्यात कानांवाचून कुणाचं अडत नसे. तिथल्या बाया चार साचे ओलांडून, आवाज न काढता, नुसते ओठ मोठेमोठे हलवून आणि हातवारे करून एकमेकींची अख्खी खानदानं धुवून काढायच्या. नॉर्मनही ओठांवरून सगळं वाचायचा. पण त्यासाठी त्याने तुमच्याकडे बघायला हवं ना! बेव्ह तावातावाने बोलायला लागली की हा शांतपणे मान खिडकीकडे वळवायचा. झालं भांडण. आता ओरडा भिंतीशी.

बेव्हची आई एनिड त्याच गिरणीत विणकाम करायची. तिला ही ओठांची बोली इतकी सवयीची की गिरणी सुटल्यावरही ती तशीच बोलायची. बाजारात, बसच्या रांगेत, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तोंडाचा हा एवढा आ, भुवया कपाळात, हात हवेत. शाळेतल्या मैत्रिणी समोरच राहायच्या. बेव्हला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आईने शिकवायचा किती प्रयत्न केला, पण पोरगी म्हणायची, मला तोंड आहे आणि तोंडात आवाज आहे, मी नाही माकडचेष्टा करणार. एनिडची छाती कापसाच्या धुळीने लवकरच खराब झाली. टेकडी चढणं बंद झालं, मग जिना चढणं. दोन वर्षांपूर्वी ती गेली.

आणि आता टेंटरफील्डही चाललं होतं. शंभराहून अधिक वर्षांचं मैदान. त्याआधी तिथे धुतलेलं कापड ताणून वाळवत. लाकडी स्टँड, लोखंडी खांब, कधीकाळी बंद पडलेलं मोठं घड्याळ. हे सगळं उन्हाळ्यात पाडायचं ठरलं होतं आणि क्लब हमरस्त्याच्या कडेला, गालिच्यांच्या एका गोदामाशेजारी जाणार होता. मे महिन्यातल्या शनिवारी शेवटचा सामना. त्यात क्रॅगशॉची परिस्थिती अशी की जिंकले तर लीगमध्ये राहणार, नाहीतर खालच्या खड्ड्यात. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते हेच.

बेव्हने मनाशी ठरवलं की या सामन्याला बापाबरोबर जायचं आणि शेवटची शिट्टी त्याच्या शेजारी बसून ऐकायची. एकदा तरी. त्यानंतर मैदानही राहणार नव्हतं, आणि बाप तरी किती वर्षं टेकडी चढणार होता? आदल्या रविवारी तिने त्याच्या स्वयंपाकघरात बसून त्याला बजावलं. पंच्याऐंशीला उठायचं नाही, नव्वदला उठायचं नाही, पंच शिट्टी वाजवून घरी जाईपर्यंत उठायचं नाही. कबूल? नॉर्मनने मान हलवली. घरी परतल्यावर तिच्या लक्षात आलं की मान हलवताना तो किटलीकडे बघत होता.

शनिवारी भुरभुर पाऊस. टेकडी चढायलाच इतका वेळ लागला, कारण वाटेत प्रत्येकजण नॉर्मनला थांबवून हात मिळवत होता आणि तेच ते बोलत होता. आज तरी थांबणार का रे, पंच्याऐंशी? नॉर्मन हसून पुढे. मैदानाच्या भिंतीत आत जायला लोखंडी फिरती फाटकं होती, ओळीने सगळी उघडी, आणि टोकाचं एक तर साफ मोकळं. पण नाही. नॉर्मनला शेवटून दुसऱ्याच फाटकातून आत जायचं होतं, आणि नेमकी तिथे रांग कोपऱ्यापर्यंत गेलेली. बेव्हने त्याची बाही ओढली, मोकळ्या फाटकाकडे बोट दाखवलं, तोंडासमोर जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "तिथून कोण जातं?" जसं काही तिथून आत गेलं की जात बाटते.

तीच तऱ्हा खाण्याची. स्टँडखाली मटणाच्या 'पाय'च्या, म्हणजे आत रस्सा भरलेल्या, कचोरीसारख्या गरम पदार्थाच्या, खिडक्या तीन, पण याची खिडकी ठरलेली आणि तिथली बाई वाढायला सगळ्यांत हळू. पाय हातात आला तोवर संघ मैदानात उतरले होते. बेव्हने घाईत चावा घेतला, आतला रस्सा उसळला तो थेट तिच्या नव्या ब्लाउजवर, आणि जीभ भाजली ती वेगळीच. नॉर्मन मात्र पायच्या टोकाला बारीक भोक पाडून वाफ जाऊ देत शांतपणे उभा होता. सांगायचं ना आधी, असं ती म्हणाली, पण तेव्हा तो पायकडे बघत होता.

जागांचं तर विचारूच नका. अख्ख्या स्टँडमध्ये लोखंडी खांब दहा-बारा असतील, आणि नॉर्मनने आयुष्यभरासाठी निवडलेली खुर्ची बरोब्बर एका खांबाच्या मागे. डावीकडचा गोल त्याला दिसतच नसे. शेजारची, म्हणजे बेव्हची, जागा बरी होती, तिथून मान थोडी वाकवली की दिसे. ती बसल्या बसल्या हिशेब करू लागली. अर्धं मैदान खांबाने खाल्लं, शेवट गर्दी टाळण्याने खाल्ला, तर या माणसाने इतक्या वर्षांत फुटबॉल म्हणून पाहिलं तरी काय? लोक देवळात जाऊन गाभाऱ्याकडे पाठ करून बसत नाहीत.

मागच्या रांगेत क्लिफर्ड ड्यूहर्स्ट होता. पोस्टातून निवृत्त झालेला, नॉर्मनच्या मागे बसून त्याची टोपी बघण्यात ज्याची हयात गेली असा. त्याच्या मांडीवर पाना होता. पाना कशाला, असं विचारायची गरज नव्हती. त्या दिवशी अर्ध्या मैदानाच्या खिशात पाने होते. सामना संपला की आपापली लाकडी खुर्ची खोलून घरी न्यायची, असं सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं आणि क्लबने दुसरीकडे बघायचं ठरवलं होतं. बेव्हनेही पर्समध्ये पाना आणला होता. दोन्ही खुर्च्या न्यायच्या आणि बापाच्या परसात ठेवायच्या असा तिचा बेत होता.

सामना कसा झाला? जसे क्रॅगशॉचे सामने होतात तसा. पहिल्या अर्ध्यात एक गोल खाल्ला, तोही आपल्याच गोलकीपरच्या हातातून निसटून. मध्यंतरात नॉर्मनने कोटाच्या खिशातून पुदिन्याची एक गोळी तिला दिली, एक स्वतः तोंडात टाकली. लहानपणी द्यायचा तशीच, कागद अर्धा सोलून. बेव्ह क्षणभर विरघळली आणि लगेच सावध झाली. लाच आहे ही, तिच्या मनात आलं. दुसऱ्या अर्ध्यात क्रॅगशॉने गोल फेडला. एक-एक. पण बरोबरीने भागणार नव्हतं. लोक उभे राहिले, बसले, पंचाच्या सात पिढ्या उद्धरल्या, पुन्हा उभे राहिले. बेव्हला आपण ओरडतोय हे घसा दुखल्यावर कळलं. तिने बापाकडे पाहिलं. तो पुढे झुकून, डोळे बारीक करून बघत होता, चेहऱ्यावर लहान पोराचा आनंद. थांबणार, तिला वाटलं. आज हा नक्की थांबणार.

मग त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि टोपीला हात घातला.

"पंच्याऐंशी वाजले हो!" मागून क्लिफर्डने पुकारा केला आणि चार रांगा हसल्या. मैदानातलं घड्याळ बंद पडल्यापासून लोक नॉर्मनवर आपली घड्याळं लावत.

बेव्हने त्याच्या कोटाचं टोक पकडलं. ती उठून त्याच्या तोंडासमोर गेली, मागच्यांना दिसेना म्हणून ते ओरडायला लागले, पण तिला पर्वा नव्हती.

"बाबा, तुम्ही कबूल केलं होतं."

"गर्दी होईल पोरी."

"होऊ दे. आज शेवटचा आहे. पुन्हा हे मैदान नाही, पुन्हा ही जागा नाही. माझ्यासाठी एकदा, फक्त एकदा बसा ना."

नॉर्मनने तिच्याकडे नीट बघितलं. सगळं वाचलं, शब्द न् शब्द. मग हळूच तिच्या बोटांतून कोट सोडवून घेतला. "तू थांब," म्हणाला. "तू शेवटपर्यंत थांब हं." आणि मान वळवून जिन्याकडे चालू लागला.

बेव्हने त्याच्या पाठीला जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बहिऱ्या माणसाच्या पाठीला शिव्या देण्याइतकं व्यर्थ काम जगात दुसरं नाही, तरी तिने दिल्या. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. आई इतकी वर्षं कशी राहिली या माणसाबरोबर? मग ती खुर्चीत धपकन बसली आणि हट्टाने खिळून राहिली. जाऊ दे गेला तर. चौदाव्या वर्षापर्यंत जे बघायचं राहिलं ते मी बघणार, एकटी बघणार.

आणि तिने बघितलं. नव्वद मिनिटं उलटून गेली होती, पंच तोंडाजवळ शिट्टी नेत होता, तेव्हा क्रॅगशॉला कॉर्नर मिळाला. डावीकडच्या गोलपाशी, म्हणजे खांबाच्या बाजूला. तिने मान वाकवली. बॉल आत आला, दहा-बाराजण एकमेकांच्या अंगावर, कुणीतरी मारला, तो कुणालातरी लागून परत आला, आणि त्या गोंधळात क्रॅगशॉचा लोमॅक्स चिखलात घसरून गोलकडे पाठ करून पडत होता. हा लोमॅक्स म्हणजे जाडजूड बचावपटू, इतक्या वर्षांत एक गोल केलेला नाही. बॉल त्याच्या ढुंगणावर सणकून आपटला आणि तिथून वळून जाळ्यात गेला.

एक क्षण कुणाला काही कळलंच नाही. मग स्टँडच्या लाकडी फळ्या पायाखाली थरथरायला लागल्या. क्लिफर्डने मागून बेव्हच्या गळ्यात हात टाकले आणि तिच्या केसांत रडला. शिट्टी झाली. झाली एकदाची. घोडं गंगेत न्हालं. बेव्हने आयुष्यात पहिल्यांदा टेंटरफील्डची शेवटची शिट्टी ऐकली, आणि ऐकल्या ऐकल्या ती डावीकडे वळली, बापाला सांगायला. तिथे रिकामी खुर्ची होती.

तिला इतका राग आला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लोक मैदानात धावत होते, गवताचे तुकडे उपटत होते, चारी बाजूंनी जुने बोल्ट किंचाळत होते. तिने पाना काढला, पहिल्या बोल्टला लावला, दोन फेरे दिले आणि थांबली. नव्याण्णव टक्के लोकांना या क्षणी मिठी मारायला कुणीतरी होतं. तिला ज्याला सांगायचं होतं तो माणूस काहीही न कळता उतारावरून चालत घरी गेला होता. अख्खं गाव त्याच्या पाठीमागे फुटलं असेल आणि त्याला ऐकूही आलं नसेल.

"राहू दे," क्लिफर्ड म्हणाला. "दोन्ही मी काढतो, उद्या आणून देतो. तू जा. म्हाताऱ्याला सांग."

ती खाली उतरली. गर्दीतून कोपरं मारत, माफी मागत, न मागत. म्हणजे शेवटी गर्दी खरंच होती, हे तिच्या लक्षात आलं आणि त्याचाही तिला राग आला. मोटारी भोंगे वाजवत होत्या, दारादारांत बाया उभ्या होत्या. त्याला गाठून काय काय सुनवायचं हे ती वाटभर जुळवत होती. घरात शिरायचं, तो खुर्चीत बसलेला असेल, त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायचं आणि आजवरचं सगळं एकदाच बाहेर काढायचं.

पण तो घरात नव्हता. शटल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, पोस्टाच्या लाल पेटीपाशी, भुरभुर पावसात उभा होता. तिच्याकडे पाठ. अंगावर ओला कोट, टोपीच्या कडेवरून पाणी गळतंय. शेजारून पोरं गळ्यातले मफलर हवेत फिरवत, नाचत जात होती. तो त्यांच्याकडे बघतही नव्हता. त्याची नजर रस्त्याच्या मध्यावरच्या आपल्या दारावर होती. दार बंद होतं.

बेव्ह वळसा घालून त्याच्या तोंडासमोर उभी राहिली आणि तिने श्वास घेतला. नॉर्मनने तिला पाहिलं मात्र, डोळे गच्च मिटून घेतले.

आता बोला! बहिरा माणूस, त्यात डोळे मिटलेले. बेव्हने त्याचे दोन्ही खांदे धरून हलवले. तिला हसावं की त्याला त्या लाल पेटीत कोंबावं हे कळेना.

"सांगू नकोस," तो डोळे न उघडता म्हणाला. बहिऱ्यांच्या आवाजात चढउतार नसतो, सगळं एका पट्टीत. "इथे नको. तुझी आई दारातून सांगायची."

बेव्हचे हात त्याच्या खांद्यांवरच राहिले.

तो बोलत राहिला. लग्नाआधी दोघं मैदानाच्या समोरासमोरच्या बाजूंना उभे राहायचे, मधे अख्खा सामना चाललेला, आणि ती तिकडून ओठांनी इकडे बोलायची. तिला फुटबॉलचं वेड त्याच्याहून जास्त. मग छाती गेली, टेकडी सुटली. ती दिवसभर घरात रेडिओपाशी. हा घरी जाऊन सामना सांगायला लागला की म्हणायची, माहीत आहे, ऐकलं. तिच्यापाशी सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं, आणि एनिड म्हणजे सांगितल्याशिवाय न राहणारी बाई. म्हणून त्याने शेवटची पाच मिनिटं तिला देऊन टाकली. तो या कोपऱ्यावर यायचा तोवर ती दारात आलेली असायची. इथून त्या दारापर्यंत ती त्याला सगळं ओठांनी सांगायची, नाचून, हातवारे करून. नावं सगळी चुकवायची.

बेव्हला आठवलं. ती फुरंगटून बापाच्या मागे, नजर बुटांवर. आणि समोर दारात एप्रन घातलेली आई, तोंडाचा एवढा आ करून, हात हवेत उडवत. समोरच्या खिडकीत मैत्रिणी. दर वेळी बेव्ह मान खाली घालून, आईच्या बगलेखालून सटकन घरात शिरायची. ते दोघं काय बोलतात हे तिने एकदाही वर बघून वाचलं नव्हतं.

"ती गेल्यापासूनही येतो," नॉर्मन म्हणाला. "सवय. इथवर येतो, दार बंद असतं. मग संध्याकाळच्या पेपरात वाचतो." त्याने चाचपडत खिशातून घराची किल्ली काढली आणि तिच्यासमोर धरली. "आजचा पेपरात नको वाटला. म्हणून तू येते म्हणालीस तेव्हा मी बरं म्हटलं. तू थांबणार हे मला माहीत होतं. हट्टी आहेस."

बेव्हने किल्ली घेतली. काही बोलायचं म्हटलं तरी ऐकणार कोण होतं? ती रस्त्याने चालत गेली, दार उघडलं, आत गेली, आणि पुन्हा वळून उंबऱ्यात उभी राहिली. कोपऱ्यावर म्हाताऱ्याने डोळे उघडले.

समोरच्या मिसेस हेस्किथ खिडकीत होत्या. पलीकडे आणखी दोघीतिघी दारात. दातांच्या दवाखान्यातल्या या शिस्तीच्या बाईला त्या सगळ्या ओळखत होत्या. बेव्हने घसा साफ केला, मग घशाचा इथे काही उपयोग नाही हे तिच्या लक्षात आलं. तिने तोंडाचा हा एवढा आ केला. जिंकलो. नॉर्मनने हात कानामागे नेला, म्हणजे कळलं नाही, ओठ आणखी मोठे कर. काय हा छळ! तिने भुवया कपाळात नेल्या, दोन्ही हात वर फेकले. जिं-क-लो. दोन-एक. शेवटच्या मिनिटाला. कॉर्नर. तिने बॉल आत आणला, दहा माणसं एकमेकांच्या अंगावर पाडली, मग स्वतः घसरून दाखवलं, आणि रस्त्याकडे पाठ करून, अख्ख्या शटल स्ट्रीटच्या देखत, आपल्या ढुंगणावर सणसणीत चापट मारली.

नॉर्मन पोस्टाच्या पेटीला धरून हसत होता. त्याचे खांदे हलताना तिला इथूनही दिसले. मग त्याने डोळे पुसले आणि ओठांनी विचारलं, कुणी?

लोमॅक्स, ती म्हणाली.

त्याने मान हलवली. शक्यच नाही. लोमॅक्स नसणार. तू नाव चुकवलंस. आईसारखंच.

झालं! बेव्हचा पारा पुन्हा चढला. इथे मी उभी राहून बघून आले, या दोन डोळ्यांनी, आणि हा गर्दी टाळून आलेला माणूस मला शिकवतो? तिने उंबऱ्यावर पाय आपटला. लो-मॅक्स! लोमॅक्सच! आणि थांबला असतात तर तुम्हालाही दिसला असता!

हे सगळं तिने आवाज न काढता म्हटलं, आणि कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याने ते एका फटक्यात वाचलं. पाऊस जरा वाढला होता. तो पेटी सोडून दाराच्या दिशेने चालू लागला होता, पण अर्ध्या वाटेत थांबला, टोपी मागे सारली, आणि ओठ मोठेमोठे हलवून सावकाश विचारलं, म्हणजे तिला नीट वाचता यावं.

थांबलो असतो, तर दारात कोण उभं राहिलं असतं?